आपल्या गावचं टॉकीज आणि हैदराबादहून येणारी पेटी

दुधना

मंडळी, माझं सगळं शिक्षण मराठवाड्यात, सेलू-परतूर पट्ट्यातल्या एका लहान गावात झालं. गावात टॉकीज एकच. वर पत्रे, पुढे लाकडी बाकडी, मागे लोखंडी खुर्च्या आणि त्याच्यावर जेमतेम चार रांगांची बाल्कनी. आता तिथं मंगल कार्यालय झालंय. गावी गेलो की सगळे त्या जागेला अजून 'टॉकीजपाशी' असंच म्हणतात.

दोन गोष्टींसाठी धागा काढलाय. पहिली, तुमच्या गावच्या टॉकीजबद्दल लिहा. सिनेमाची गोष्ट नको, ती सगळ्यांना ठाऊक आहे. टॉकीजचं लिहा. डोअरकीपर, ब्लॅकवाले, इंटरवलचे भजे, जाहिरातीचा टांगा, जे आठवेल ते.

दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न. आमच्याकडे सिनेमाची पेटी, म्हणजे रिळांचा पत्र्याचा डबा, मनमाडच्या बाजूनं कधी यायचीच नाही, यायची ती हैदराबादच्या बाजूनं. मुंबईत बनलेला हिंदी सिनेमा मनमाडवरून सरळ यायचा सोडून आधी हैदराबादला जाणार आणि तिथून उलटा आमच्याकडे येणार, हे का? डोअरकीपर चाचांना विचारलं की ते म्हणायचे, "अपना माल उधर से ही आता बेटा." कुणाला कारण माहीत आहे का?

खाम_काठ

औरंगाबादकर हजर! आमच्याकडे निवड करायला वाव होता. खडकेश्वरला अंजली, शिवाय अंबा-अप्सरा, सादिया, मोहन, गुलजार. कॉलेजातली पोरं थिएटरवरून माणूस ओळखायची. अमुक कायम अंजलीला जातो म्हणजे घरी बरं आहे. तमुक गुलजारला दिसला म्हणजे खिशात फक्त थर्डचे, सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे आहेत.

आमची खरी मजा तिकीटखिडकीवर. खिडकी म्हणजे भिंतीतलं एक भोक, त्यात एका वेळी एकच हात जायचा, आणि तिथवर पोचायला लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यातून जावं लागायचं. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पोरं त्या नळ्यांवर चढून लोकांच्या डोक्यांवरून पुढं सरकायची. मुठीत चुरगळलेली नोट घामानं ओली झालेली. तिकीट घेऊन हात बाहेर काढला की मनगट सोललेलं. तरी चेहरा असा की जणू दौलताबादचा किल्ला सर करून आलो.

बालाघाटी

दुधना, तुमच्याकडे निदान रेल्वे तरी होती. आम्ही बीडकर, पेटीसाठी एसटीच्या भरवशावर. शुक्रवारी दुपारी बसस्टँडवर टॉकीजचा माणूस सायकल घेऊन उभा. टपावरून पत्र्याच्या अष्टकोनी पेट्या उतरल्या की कुली, रसवंतीवाला, शाळा सुटलेली पोरं, सगळे वाकून पेटीवरचं नाव वाचणार. नाव कळलं की ते गावभर व्हायला अर्धा तास पुरायचा. भोंग्याचा टांगा निघायचा तोवर बातमी जुनी झालेली असायची.

पावसाळ्यात घाटात गाडी अडकली की त्या दिवशीचा खेळ रद्द. मग मालक घरातल्या ठेवणीतल्या एका पौराणिक सिनेमाची रिळं चढवायचे. तो सिनेमा आम्हाला इतका पाठ झाला होता की मारुतीच्या आधी अख्खं थिएटर त्याचे संवाद म्हणायचं.

मन्याड

@बालाघाटी, हे मारुतीचं लई भारी!

मी देगलूरकडचा. आमच्याकडे तीन भाषांचे सिनेमे चालायचे. हिंदी तर होताच, कधीमधी मराठी, आणि तेलुगू मात्र हमखास. धर्माबाद, बिलोली, देगलूर, किनवट या सगळ्या पट्ट्यात घराघरात तेलुगू कळणारं कुणीतरी असतंच. मला तेलुगू येत नव्हतं. शेजारचे काका कानात मराठीत सांगायचे, आणि मागच्या रांगेतला कुणीतरी त्यांना उर्दूत गप्प बसवायचा. आज पुण्यातल्या ऑफिसात हैदराबादची पोरं भेटली की माझं तुटकंमुटकं तेलुगू ऐकून चकित होतात. शिकवणी कुठली म्हणाल तर थर्ड क्लासचं बाकडं.

टॉकीजच्याही आधी माळेगावची जत्रा. खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवं, तमाशे, आणि त्यातच सिनेमाचे तंबू. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की थांबायचं, दुसरं चढवायचं, मग पुढची गोष्ट. तेवढ्या वेळात आजोबा बिडी ओढून यायचे. कडाक्याची थंडी, खाली वाळू, अंगावर घोंगडी. पडदा मध्ये लावून बायका एका बाजूला आणि गडी दुसऱ्या बाजूला बसायचे. पलीकडच्यांना चित्र उलटं दिसायचं, सगळी माणसं डावखुरी! कुणाची काही तक्रार नसायची.

तेरणा

सगळ्यांचं वाचतेय, छान लिहिताय. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. इथं आतापर्यंत लिहिणारे सगळे पुरुष दिसतात. नळ्यांवर चढणं, रात्रीचा दुसरा खेळ, भिंतीवरून उडी, हे सगळं तुमचं. आम्हा मुलींचं टॉकीज वेगळं होतं.

माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा टॉकीजमध्ये पाऊल टाकलं ते १९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा. देवाचा सिनेमा म्हणून सासूबाईंनी परवानगी दिली, आणि स्वतःही आल्या. बायकांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या, पडद्यावर देवी आली की नाणी आणि फुलं उधळत होत्या. आईला देवीचं कौतुक होतंच. पण ती आजही सांगते ते वेगळंच, की त्या अंधारात तीन तास तिला कुणी चहा मागितला नाही.

मग माझ्या लग्नानंतर १९९१चा 'माहेरची साडी'. खेड्यांमधून ट्रॅक्टर भरभरून बायका यायच्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्या जणी नऊवारीत, डबा घेऊन, पोरांना कडेवर मारून गेलो. सगळं थिएटर हुंदके देत होतं. काही लोक या सिनेमाला नावं ठेवतात. ठेवोत. आम्हाला सगळ्यांना एका वेळी, मोठ्यानं, कुणाला जाब न देता रडायची जागा दुसरी कुठली होती?

एरवी 'लेडीज' म्हणजे कोपऱ्यातला कठडा घातलेला भाग. दिवे लागायच्या आत पडदा ओढायचा आणि खेळ सुरू झाल्यावर सारायचा. कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर मॅटिनीला गेले, ही बातमी मी घरी पोचायच्या आधी पोचली होती. त्यामुळे 'टॉकीज सगळ्यांचं होतं' असं कुणी लिहिलं तर मी नाही म्हणणार.

खाम_काठ

तेरणाताई, तुमचं बरोबर आहे. तुमचं वाचून बहिणीला फोन केला. ती म्हणाली, आमच्या घरातल्या मुली फक्त अंजलीला जायच्या, तेही वडील सोडायला आणि आणायला असले तरच.

पोळ्याची_कर

तेरणाताईंच्या बोलण्यात थोडी भर घालतो. मी सालगड्याचा पोरगा. बापाला वर्षभरात हक्काची सुट्टी म्हणजे पोळा आणि पोळ्याची कर, म्हणजे दुसरा दिवस. करीच्या दिवशी आसपासच्या सगळ्या गावांतले सालगडी तालुक्याच्या टॉकीजला. मालक त्या दिवशी मारामारीचाच सिनेमा लावायचे, चार नाही तर पाच खेळ. बाप नवं धोतर नेसून मला खांद्यावर घेऊन जायचा. गावात आमच्या लोकांना पाटलाच्या ओसरीवर बसायची सोय नव्हती. टॉकीजमध्ये आम्ही आणि पाटलाचा पोरगा एकाच बाकड्यावर बसलो. त्यानं अंग चोरलं, हे खरं. पण उठला नाही, कारण दुसरी जागाच नव्हती. तिकिटाचे पैसे दिले की जागा आपली, ही गोष्ट मला शाळेच्या आधी टॉकीजनं शिकवली.

म्हणून ताई, सगळ्यांचं नव्हतं हे तुमचं मान्य. पण आमच्यासाठी गावातल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त आमचं होतं.

तेरणा

@पोळ्याची_कर, भाऊ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हे मला माहीत असायला हवं होतं असं वाटलं.

मानवत_रोड

कापसाच्या पट्ट्यातले कुणी आहेत का? आमच्या टॉकीजचं पंचांग कापसावर चालायचं. १९७२ला एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस फक्त सरकारच घेणार. केंद्रावर कापूस घालायचा, मग पैसे. बैलगाड्यांची रांग रात्रभर. नंबर लागेपर्यंत करायचं काय? गाडीजवळ एकाला बसवून बाकीचे सेकंड शोला. जिनिंगचे कामगार पाळी सुटली की केसांत सरकी-कापूस तसाच घेऊन यायचे. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत हाऊसफुल्लचा बोर्ड, आणि मृग लागला की आत चिमण्या. मालक चांगला सिनेमा उन्हाळ्यात मिळाला तरी कापसासाठी राखून ठेवायचे.

कार्बन

मी या धाग्याची वाट बघत होतो असं समजा. माझे वडील ऑपरेटर होते, लातूर जिल्ह्यात. माझा अभ्यास मशीनच्या खोलीत व्हायचा.

सगळ्यांना पडदा आठवतो, म्हणून मागच्या भिंतीतल्या चौकोनी झरोक्यामागचं सांगतो. दोन मशीन असायची. दिव्याच्या जागी दोन कार्बनच्या कांड्या, समोरासमोर. त्या एकमेकींना टेकवून थोड्या दूर केल्या की मध्ये ठिणगीचा झोत पेटतो, वेल्डिंगला दिसतो तसला. काळ्या काचेतूनच बघायचं. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, म्हणून ऑपरेटरनं मूठ फिरवत त्या जवळ आणत राहायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा, मग तांबूस, आणि खालून आरोळी, "ए कार्बन!" हे माझं इथलं नाव तिथून आलं. गावात व्होल्टेज पडलं तरी शिव्या वडिलांनाच.

हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा-सतरा रिळं. दोन-दोन जोडून मोठ्या चक्रीवर घ्यायची. एक चक्री संपत आली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, तेव्हा झडप बदलायची. नीट जमलं तर प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. वडिलांना आयुष्यात याची शाबासकी कुणी दिली नाही, कारण काम चांगलं झालं की ते दिसतच नाही. मी आज ती देतो.

आमच्याकडे येईपर्यंत प्रिंट कितीतरी गावं फिरून आलेली असायची. पडद्यावर पाऊस, म्हणजे ओरखड्यांच्या रेघा. कडेची भोकं फाटलेली. वडील दुपारी बसून बोटांनी चाचपत फाटकी जागा शोधायचे, ब्लेडनं कापायचे, खरवडून फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायचे. गाण्यातलं अर्धं कडवं गायब असेल तर तो आधीच्या कुठल्यातरी गावच्या ऑपरेटरचा पराक्रम, त्यानं ते तुकडे पोरांना वाटलेले असायचे.

मांजरा_तीर

ते तुकडे घेणारी पोरं आम्हीच! फ्यूज झालेल्या बल्बचं बूड फोडायचं, आतला मसाला काढायचा, पाणी भरायचं. झालं भिंग. दार बंद करून, बाहेर उन्हात एकानं आरसा धरायचा, कवडसा बल्बवर, मध्ये फिल्म. भिंतीवर हिरो उलटा उभा. फिल्म उलटी धरली की सुलटा. तिकीट एक चिंच किंवा दोन गोट्या.

मन्याड

@मांजरा_तीर, आमच्याकडे तिकीट एक बोर होतं. लातुरात महागाई दिसते.

मांजरा_तीर

नांदेडकडे बोरं फुकट असतात हो, म्हणून.

हिशोबनीस

दुधना यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, ते देतो. आमच्या घरात वितरणाचा व्यवसाय होता.

सिनेमाच्या धंद्यात देशाचे भाग पाडलेले आहेत, त्यांना सर्किट म्हणतात. निर्माता एकेका सर्किटचे हक्क वितरकाला विकतो. मुंबई सर्किट वेगळं, विदर्भाकडचं सीपी-बेरार वेगळं. आणि एका सर्किटचं नाव आहे 'निजाम'. त्यात तेलंगण, कर्नाटकातले बीदर, गुलबर्गा, रायचूर हे भाग आणि आपला मराठवाडा. म्हणजे जुनं हैदराबाद संस्थान जसंच्या तसं.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६०ला महाराष्ट्र झाला. सरकारी नकाशा तीनदा बदलला. धंद्याचा नकाशा तसाच राहिला, कारण वितरकांची ऑफिसं, थिएटरमालकांशी उधारीचे संबंध आणि रेल्वे, तिन्ही हैदराबादला जोडलेले होते. मनमाड-काचीगुडा मीटरगेज लाइन निजामाच्या रेल्वेनं टाकलेली. औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड, धर्माबाद, सगळी टॉकीजची गावं या एका रुळावर. पेट्या पार्सलच्या डब्यात टाकल्या की ओळीनं उतरत यायच्या. मुंबईचा वितरक हक्क नसताना मनमाडवरून पेटी पाठवूच शकत नव्हता, कारण त्याची हद्द तिथं संपत होती.

उशीर का, तर सर्किटला मोजक्याच प्रिंट मिळायच्या. त्या आधी हैदराबाद-सिकंदराबादला, मग जिल्ह्याच्या गावांना, मग तालुक्यांना. प्रिंट महाग, म्हणून कमी. डोअरकीपर चाचांनी तुम्हाला अगदी खरं कारण सांगितलं होतं.

दुधना

हिशोबनीस काका, साष्टांग नमस्कार. इतक्या वर्षांचा प्रश्न सुटला. म्हणजे मुक्तिसंग्रामानंतर कित्येक वर्षं आमचा शुक्रवार निजामाच्या हद्दीतच उजाडत होता!

नवा_पडदा

सगळं वाचलं. मी तिशीतला. एक परखड मत मांडतो, राग नको. मोडकी खुर्ची, ढेकूण, बिडीचा धूर, स्वच्छतागृह नाही, आवाज फाटलेला. आज शहरात मल्टिप्लेक्समध्ये आवाज स्वच्छ, बसायला नीट जागा, माझी आई एकटी जाऊन सिनेमा बघून येते. तेरणाताईंच्या काळात ते शक्य नव्हतं. मग हळहळ कशासाठी?

तेरणा

@नवा_पडदा, बाळा, आई एकटी जाते हे वाचून फार बरं वाटलं. पण तुझ्या आईला शहर आहे. माझ्या गावात आज पडदाच नाही. पूर्वी वाईट का होईना एक होता.

पोळ्याची_कर

आणि मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटात आजचा सालगडी अख्खं घर घेऊन टॉकीजला गेला असता. खुर्ची चांगली झाली, पण त्या खुर्चीवर बसणारी माणसं बदलली. मला हळहळ त्याची आहे.

औसा_वेस

टॉकीज कशानं बसली याची चर्चा निघालीच आहे तर. व्हीसीआर आले, गणपतीत गल्लीत भाड्यानं टीव्ही. १९८७ला रविवारी सकाळची पौराणिक मालिका सुरू झाली आणि सकाळचा खेळ गेला. नंतर केबल. आमच्या भागात आणखी एक. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर, औसा, उमरग्याकडे लोकांना कुठल्याच छताखाली बसवेना. घरात झोपायला घाबरणारी माणसं टॉकीजमध्ये कशी बसतील? जाड दगडी भिंतींच्या जुन्या थिएटरकडे तर बघवत नव्हतं. परत लोक यायला लागले तोवर टीव्ही घरोघरी झाला होता. याबद्दल जास्त लिहवत नाही.

बालाघाटी

@औसा_वेस, नका लिहू. आम्ही समजतो.

कार्बन

नवा_पडदा, तुमचा मुद्दा रास्त आहे, ढेकूण मलाही नकोत. एक मात्र सांगतो. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा थेट थिएटरात यायला लागला. ज्या गोष्टीसाठी दुधनांचं गाव वर्षभर थांबायचं, तो नवा सिनेमा मुंबईच्या दिवशीच तालुक्याला लागू लागला. पेटी नको, पाऊस नाही, कार्बन नको. वडील त्या दिवशी मालकांना म्हणाले होते, "आता तरी गावाला पैलं बघायला मिळंल." ते नाराज नव्हते, खूश होते. सोय आली तेव्हा बहुतेक टॉकीज आधीच मोडकळीला आली होती, एवढंच दुर्दैव.

आमचं मशीन नंतर भंगारात वजनावर गेलं. मी तेव्हा बाहेरगावी होतो. माझ्याकडे त्याची फक्त काळी काच आहे. कुणाच्या गावात जुनं मशीन अजून जागेवर असेल तर कळवा. मला ते बघायचंय, आणि जमलं तर चालवायचंय. कार्बन मिळणार नाही, पण मोटर फिरली तरी चालेल.

मानवत_रोड

@कार्बन, आमच्याकडे आहे. टॉकीज बंद आहे, आत खतांची पोती ठेवतात, पण वरची खोली कुलूप लावून ठेवलीय. दोन्ही मशीन आहेत. ऑपरेटर मामा हयात आहेत, ऐंशीच्या पुढचे, कान बारीक झालेत पण स्मरण पक्कं. मालकांच्या मुलाशी माझी ओळख आहे, किल्ली मिळेल.

हिशोबनीस

मानवत_रोड, मामा बोलतील तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. कुठल्या वितरकाकडून माल यायचा, भाडं ठरवून द्यायचे की टक्क्यावर, पेटी पुढच्या गावाला कोण पोचवायचं, हे विचारा. हे कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नाही. मीपण येतो.

तेरणा

आणि 'लेडीज'मधला पडदा कोण ओढायचं, तेही विचारा. आमच्याकडे एक म्हातारी बाई होती त्या कामाला, तिला तिकीट लागायचं नाही.

कार्बन

रविवारी निघतो. लातूरहून परभणी, तिथून एसटी. मानवत_रोड, नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. तेलाची डबी आणि काळी काच घेऊन येतो.